मदत हवी आहे : लवंगेला जळक्या रबराचा वास येतोय, सराव चालू ठेवू का?

नमस्कार मंडळी. सांगलीत हळदीच्या अडत दुकानात आहे. साडेतीन महिन्यांपूर्वी सर्दी-ताप झाला, आठवड्यात बरा झालो, पण वास गेला तो गेलाच. हळकुंड मोडून नाकाशी धरलं तरी काही नाही. गंमत म्हणजे मिरचीच्या फोडणीचा ठसका लागतो, कापराचा गारवा कळतो. डॉक्टर म्हणाले, तो वास नव्हे, त्याची नसच वेगळी. जिभेला खारट-आंबट कळतं. बाकी आमटी म्हणजे तिखट गरम पाणी.

नाकात दुर्बीण घालून झाली, आत अडथळा नाही. महिनाभर फवारा मारला, फरक शून्य. शुगर आहे, म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या नाहीत. वास परत यावा म्हणून सहा आठवड्यांपासून गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असं सकाळ-संध्याकाळ हुंगतोय. जर्मनीत २००९ साली ज्याचा अभ्यास झाला तोच १२ आठवड्यांचा सराव. (नाकात तेल सोडायचा सल्ला घरी रोज मिळतो, तो कृपया नको.)

आता चार दिवसांपासून लवंगेला वास येतोय, पण जळक्या रबराचा! कांदा परततानाही तोच, उमासे येतात. नाकातल्या वास ओळखणाऱ्या नव्या पेशींची जुळणी होताना असं होऊ शकतं म्हणे.

यातून गेलेल्यांनी किंवा जाणकारांनी सांगावं : असा वाकडा वास येणारी लवंग सरावात ठेवायची की बदलायची? आणि बदली हळद घेतली, तर दिवसभर तिच्याच धुळीत बसणाऱ्या नाकाला तिचा उपयोग होईल का?