विषय: ईम्स लाउंज चेअर घ्यावी का?

नमस्कार मंडळी,
एका घरच्या सामानविक्रीत ईम्सची (चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची) लाउंज चेअर बघून आलो. शिसवी प्लायवुडचं कवच, काळं चामडं, सोबत पाय ठेवायचं स्टूल. मालक 'जुनी, ओरिजिनल' म्हणून नव्या खुर्चीइतकाच भाव सांगतोय. तिथेच चार सागवानी डायनिंगच्या खुर्च्या आहेत, पण त्यांवर छाप-शिक्का काही नाही. त्या तो अगदी पडेल भावात द्यायला तयार आहे. कुणाला यातलं कळतं का?
मंदार

मंदार,
ही खुर्ची १९५६ पासून आजतागायत बनते आहे, त्यामुळे नुसत्या 'जुनी'ला अर्थ नाही. आधी हाताच्या पट्ट्या पाठीला जिथे जोडल्यात तिथे बघ. आत रबराच्या जाड चकत्या कवचाला चिकटवलेल्या असतात. पाचपन्नास वर्षांत रबर कडक होतं, चिकटवण सुटते, आणि आपण निवांत रेललो की पाठ कडकन निखळते; वर प्लायवुडचा टवकाही उडतो. चकत्या बदलल्या नसतील तर दुरुस्तीचा खर्च भावातून कापूनच बोल.

सागवानी खुर्च्यांच्या चुली, म्हणजे लाकडाचे सांधे, तपास. पाठ धरून हलवली आणि कुरकुरली नाही, तर नाव नसलं तरी घे. मात्र बैठक कागदी दोरीची असेल तर सांभाळून. डॅनिश डिझायनर वेगनरच्या विशबोन खुर्चीत अशी सुमारे १२० मीटर दोरी जाते. कारखान्यातला मुरलेला हात ती तासाभरात विणतो, पण बाहेर असा माणूस शोधून काढलास तर त्याची मजुरी खुर्चीला भारी पडेल.
सुहासकाका

काका, लाकडाचं राहिलं. मंदार, शिसव ब्राझीलचं असेल तर ते १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. उद्या देश बदललात तर परवान्यांशिवाय खुर्ची सीमेपलीकडे नेता किंवा विकता येणार नाही. आपल्यातला कोण एका जागी टिकतो? (वास्तुकार पिअर जानरेने चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी केलेल्या खुर्च्यांचा तर विषयच नको. २०११ मध्ये केंद्राने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली तरी लिलाव चालूच, आणि नकलाही उदंड.)
वृंदा

काका, वृंदाताई, आभार. चकत्या मूळच्याच निघाल्या. भाव कमी करा म्हटलं तर मालक चामड्याचंच कौतुक सांगत बसला. लाउंज सोडली. चारही सागवानी घेतल्या. चुली घट्ट आहेत, बैठका कापडाच्या, फक्त फोमचा भुगा झालाय. शनिवारी कुणाची मोठी गाडी मोकळी आहे का?
मंदार