हेडस्टॉकवरचं नाव: आवडत्या ब्रँडशी पहिली गाठ कशी पडली?

दोन गिटारवाले एकत्र बसले की थोड्याच वेळात ब्रँडवरून जुंपते. एक फेंडरवाला, एक गिबसनवाला, आणि तिसरा कोणी असलाच तर "यामाहा घ्या आणि गप्प रियाज करा" म्हणणारा. कुठली गिटार सरस यावर तासन्‌तास बोलणारी ही मंडळी हेडस्टॉकवरच्या, म्हणजे गिटारच्या डोक्यावरच्या, त्या नावापर्यंत आपण पोहोचलो कसे, हे मात्र सहसा सांगत नाहीत. म्हणून हे आवतण. आवडत्या वादकाच्या गळ्यात पाहिली? कोणाची तरी उसनी आणली आणि परत करवेना? की घरात जी होती तिच्यावरच जीव जडला? ऐसपैस लिहा. कोणती भारी हा वाद तेवढा नको, त्याला अंत नाही.

सुरुवात माझ्यापासून. माझा ब्रँड फेंडर, आणि तो आधी कानाला सापडला, डोळ्यांना फार नंतर. एका रेकॉर्डिंगमध्ये मागे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरणारी एक गिटार होती. आवाज बारीक, किंचित नाकातला, तरी टोचत नव्हता. माझ्या गिटारमधून तो काही केल्या निघेना. एका जाणत्या वादकांना ऐकवलं तर ते लगेच म्हणाले, "स्ट्रॅट आहे. स्विच दोन पिकअपच्या अध्येमध्ये आहे." गंमत अशी की १९५४ साली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट, आली तेव्हा तिच्यावर पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग) तीन आणि स्विचलाही जागा तीनच. एका वेळी एकच पिकअप चालणार. वादकांनी स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकदम चालू करायची युक्ती काढली, आणि कंपनीने पाच जागांचा स्विच दिला तो थेट १९७७ मध्ये. म्हणजे मला ज्या आवाजाने ओढलं तो कंपनीच्या मनातच नव्हता! शिवाय लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार वाजवत नसत. वाजवणाऱ्यांच्या हातात नमुने द्यायचे, त्यांची कुरकुर ऐकायची आणि त्याप्रमाणे बदल करायचे. हे कळल्यावर मी कायमचा त्या गोटात गेलो.

आता तुम्ही सांगा.

*

माझा ब्रँड बोटांनी ठरवला. बोटं आखूड आहेत. पहिल्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, नेकवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) एफ कॉर्ड धरताना करंगळीपर्यंत कळ जायची, आणि सगळे सांगायचे, सराव कर, सराव कर. एकदा तालमीला गेले असताना कोणाची तरी गिबसन लेस पॉल हातात आली आणि तोच एफ एकदम स्वच्छ वाजला. मी तिथेच चारपाच वेळा वाजवून पाहिला, मालक वैतागेपर्यंत.

नंतर मोजपट्टी घेऊन बसले. फेंडरच्या बहुतेक गिटारांत वरच्या नटपासून (तारा जिथे खाचांत बसतात ती पट्टी) खालच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६४८ मिमी, गिबसनमध्ये साधारण ६२८ मिमी. फरक दोन सेंटिमीटरचा, पण तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे जवळपास ६ टक्के कमी. फ्रेटही थोडे जवळ येतात. सरावाची उणीव वगैरे काही नव्हती, भूमिती होती.

गिबसन काही परवडण्यातली नव्हती, म्हणून एपिफोन घेतली आणि आता तीच माझी. पूर्वी हे दोघे एकमेकांचे कट्टर स्पर्धक होते. १९५७ मध्ये गिबसनच्या मालकांनी एपिफोन विकत घेतली आणि भांडण घरातच मिटलं. एक धाक मात्र या घराण्याबरोबर येतोच. हेडस्टॉक बराच मागे कललेला असतो, जुन्या गिबसनमध्ये सुमारे १७ अंश, आणि नट जिथे बसतो तिथेच नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा मार्ग कोरलेला असल्यामुळे लाकूड सगळ्यात कमी. गिटार तोंडावर पडली तर नेमकी तिथेच मोडते. आमच्या घरी ती भिंतीला टेकवून ठेवायची कोणाची टाप नाही.

*

यामाहा. आधी मोटरसायकल माहीत होती, गिटार नंतर.

टाकीवर जे चिन्ह पाहिलं होतं तेच गिटारच्या डोक्यावर दिसल्यावर मला वाटलं कोणीतरी स्टिकर चिकटवलाय. ते तीन एकमेकांत अडकवलेले ट्यूनिंग फोर्क आहेत. तोराकुसू यामाहा यांनी १८८७ मध्ये एक बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला, तिथून धंदा सुरू झाला. मोटरसायकल आली १९५५ मध्ये. म्हणजे वाद्यवाल्यांनी गाड्या काढल्या, गाडीवाल्यांनी वाद्यं नव्हे. आमच्या ग्रुपमध्ये अजून कोणी मानत नाही.

गिटारबद्दल सांगण्यासारखं एवढंच की सुरात राहते.

*

आमच्याकडे सुरुवात मामाच्या गिटारपासून. त्यांनी वाजवणं सोडलं होतं, केस माळ्यावर पडून. उघडली तर मला गिबसनच वाटली, तोच आकार, हेडस्टॉकच्या टोकाला उघड्या पुस्तकासारखी तीच खाच. नाव मात्र आयबानेझ. मामा म्हणाले, "नक्कल आहे, पण मूळ ज्यांच्याकडे होती ते माझी मागून न्यायचे."

मग त्याचा इतिहास खणला. नाव स्पॅनिश, सॅल्व्हादोर इबान्येस नावाच्या गिटार कारागिराचं. कंपनी जपानची, नागोयातली होशिनो गाक्की. ते आधी त्याच्या गिटार मागवून विकत, पुढे नावच वापरायला लागले. सत्तरच्या दशकात अमेरिकन गिटारांच्या इतक्या हुबेहूब प्रती काढल्या की १९७७ मध्ये गिबसनची तेव्हाची मालक कंपनी नॉर्लिन हेडस्टॉकच्या आकारावरून कोर्टात गेली. प्रकरण तडजोडीने मिटलं, पण त्यानंतर आयबानेझने नकला सोडून स्वतःचं डोकं चालवलं. १९८७ मध्ये गिटारवादक स्टीव्ह वायबरोबर जेम नावाची गिटार काढली, बॉडीला आरपार मूठ कोरलेली. त्याच वर्षी आरजी हे मॉडेल.

मी मेटल वाजवतो. आरजीची नेक इतकी पातळ आणि सपाट की अंगठा मागे निवांत राहतो आणि बोटं आडवी पळतात. मामांना दिली तर त्यांनी दोन मिनिटांत परत केली. "हातात काही धरलंय असं वाटतच नाही," म्हणाले. त्यांना तोच दोष वाटला, मला तोच गुण.

*

मी डावखुरा. तुम्हा लोकांच्या "निवडीच्या" गोष्टी वाचून करमणूक झाली.

आम्ही ब्रँड निवडत नाही. जो डाव्या हाताची बनवतो आणि ती वेळेवर देतो तो आमचा ब्रँड. शंभर मॉडेलांची यादी चाळायची आणि शेवटी डावी म्हणून एकच निघायची, तीही काळी. कोणी ना कोणी डावखुऱ्या जिमी हेंड्रिक्सचं नाव काढतोच: त्याने नाही का उजवी गिटार उलटी धरून तारा बदलून वाजवली? वाजवली. पण ती स्ट्रॅट होती, इलेक्ट्रिक, ब्रिजवर प्रत्येक तारेचं सॅडल (तार टेकते तो भाग) वेगळं पुढेमागे करता येतं. अ‍ॅकूस्टिक उलटवून बघा. तिथे सॅडल एकच आणि तिरकं, जाड तारेला थोडी जास्त लांबी मिळावी म्हणून. उलटवलं की ती जास्तीची लांबी बारीक तारेला जाते आणि वरच्या फ्रेटवर सूर गळपटतात. नटच्या खाचाही जाड तारेला पुरत नाहीत.

मला पहिली खरी डावी मिळाली ती टकामिनी. त्यामुळे टकामिनी. यापेक्षा रोमँटिक काही नाही.

*

(मध्येच थोडं: वरच्या डावखुऱ्या मित्रांचं वाचून मी माझ्या अ‍ॅकूस्टिकचं सॅडल पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं. खरंच तिरकं आहे. इतकी वर्षं समोर होतं. येऊ द्या पुढचे.)

*

मी गिटार दुरुस्त करतो, वाजवतो कमी. त्यामुळे माझं मत इथल्या बऱ्याच जणांना रुचणार नाही.

माझ्याकडे येणारा अर्धा माल "हा ब्रँडच बेकार" असं म्हणत येतो. मी काही न बोलता तिसऱ्या फ्रेटवर तार दाबतो आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांत किती फट आहे ते उजेडाकडे धरून बघतो. कागद जेमतेम सरकेल एवढी असावी. पुष्कळदा तिथे दोन कार्डं सहज जातात. याचा अर्थ नटच्या खाचा पुरत्या घासलेल्याच नाहीत, आणि नवशिक्याला पहिल्या तीन फ्रेटमध्येच सगळ्यात जास्त काम असतं. मग बारावा फ्रेट: जाड तार ४ मिमीच्या वर. मग एक डोळा मिटून नेकच्या कडेने पाहतो, तारांच्या ओढीने ती किती वाकली आहे. आतली सळई थोडी फिरवायची, नट कानशीने एकेक खाच करून उतरवायचा, सॅडल खालून घासायचं, जाड तार अडीचच्या आसपास आणायची. तारा नव्या. संध्याकाळचं काम.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक मुलगी आली होती. गिटार विकूनच टाकायची म्हणून आधी दाखवायला आणलेली, दुसऱ्या एका मोठ्या नावाची घ्यायची ठरवून. काम झाल्यावर तिला तिथेच वाजवायला दिली. तिने एफ धरला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा धरला, आणि विचारलं, "तारा बदलल्या म्हणून?" मी म्हटलं, थोडं तेही. आज ती त्याच ब्रँडची जाहिरात करत फिरते. तिला तो ब्रँड त्या संध्याकाळी सापडला असं मी धरतो, विकत घेतला तेव्हा नाही.

वर एफ स्वच्छ वाजल्याचा अनुभव लिहिलाय त्यांना एवढंच सांगतो: भूमिती बरोबर आहे तुमची, पण त्या लेस पॉलचा नटही कोणीतरी नीट घासलेला असणार.

*

एफवाली मीच. मान्य. तरी ६ टक्के सोडणार नाही.

*

ओव्हेशन कोणी लिहिली नाही म्हणून.

मंचावर अ‍ॅकूस्टिक वाजवायची म्हणजे समोर माइक ठेवायचा आणि हलायचं नाही, नाहीतर शिट्टी. एका कार्यक्रमात दुसऱ्या वादकाने गिटारला सरळ केबल लावली आणि रंगमंचभर फिरत वाजवली. मागची बाजू पाहिली तर लाकूड नाही, गोल, काळी, प्लास्टिकसारखी. ती ओव्हेशन. ती काढणारे चार्ल्स कामन हे हेलिकॉप्टर बनवणारे इंजिनिअर आणि हौशी गिटारवादक. हेलिकॉप्टरच्या पात्यांची कंपनं कशी आवरायची यात मुरलेले लोक हाताशी होते, त्यांनाच त्यांनी गिटार बनवायला लावलं, साठच्या दशकात. मला एवढी कहाणी पुरली.

बसून वाजवताना मांडीवरून घसरते. पट्टा लावतो.

*

मला माझा ब्रँड, टेलर, वाचनातून सापडला, हात लावायच्या आधी. फिंगरबोर्डचं (बोटं जिथे दाबतात त्या पट्टीचं) एबनी लाकूड काळंभोर हवं असा गिटारवाल्यांचा जुना हट्ट. झाड आतून एकरंगी काळं आहे की करडे पट्टे असलेलं हे ते तोडल्याशिवाय कळत नाही, आणि पट्ट्याचं निघालं तर जंगलात तसंच टाकून दिलं जायचं. टेलरवाल्यांनी २०११ मध्ये एका स्पॅनिश लाकूड व्यापारी कंपनीबरोबर कॅमेरूनमधली एबनीची गिरणी घेतली तेव्हा त्यांना हे समजलं. मग त्यांनी पट्ट्यांचं लाकूडही विकत घ्यायचं ठरवलं आणि महागड्या गिटारांनाही ते लावलं. आवाजात फरक नाही, फक्त डोळ्यांना सवय नव्हती.

माझ्या गिटारच्या सातव्या फ्रेटपाशी तांबूस करडा एक ओघळ आहे. बार कॉर्ड धरताना पहिलं बोट बरोबर त्याच्यावर येतं. एक गृहस्थ म्हणाले, डाग पडलाय, पॉलिश करून घ्या.

त्याआधी बरीच वर्षं मार्टिनच्या ड्रेडनॉट पद्धतीची वाजवायचो. नाव युद्धनौकेवरून, आकारही तसाच. उजवा खांदा वर जाऊन आखडायचा. बोटांनी वाजवणाऱ्याला एवढी मोठी बॉडी लागत नाही. मार्टिनबद्दल तक्रार नाही, १८३३ पासून चालत आलेलं घर आहे ते.

*

आम्हा क्लासिकलवाल्यांत हेडस्टॉकवर सहसा नावच नसतं. आवाजाच्या भोकातून आत डोकावायचं, मागच्या फळीवर कागदी लेबल असतं: कारागिराचं नाव, साल, कधी क्रमांक, कधी सही. मला माझ्या कारागिराचं नाव कळलं ते असंच, गुरुजींची गिटार सूर लावायला मांडीवर घेतली असताना, नुसत्या वाकून पाहण्यामुळे. पुढे त्याच हातची एक मिळवली. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये अंतोनियो दे तोरेसने ६५० मिमीच्या तारेचा जो साचा रुळवला तोच अजून चालतो, त्यामुळे आमच्यात मापावरून भांडण फारसं नाही. लाकडावरून आहे. स्प्रूस की सीडर, यावर मी बोलायला बसलो तर बाकीच्यांना जागा उरणार नाही.

*

बेसवाल्यांना प्रवेश आहे का? चार तारा आहेत, पण गिटारच म्हणतात.

बँडमध्ये आम्ही तिघे गिटार वाजवणारे आणि बेसला कोणी नाही. चिठ्ठ्या टाकल्या, माझी निघाली. ड्रमरच्या दादाचा प्रिसिजन बेस पडून होता, तोच गळ्यात घातला. लिओ फेंडर यांचा १९५१ चा आराखडा, १९५७ मध्ये बदलला, तेव्हापासून जवळपास तसाच. एक पिकअप, दोन बटणं, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. पहिल्याच तालमीत खालचा ई सोडला आणि ड्रमच्या पायाबरोबर तो जमिनीतून वर आला. त्यानंतर बाकीचे दोघे "आता आळीपाळीने वाजवू" म्हणाले तेव्हा मीच नको म्हटलं.

बँड मोडला. दादा बेस परत कधी देतोस म्हणून अधूनमधून विचारतो. मी तारा बदलून देतो म्हणतो.