बाळंतपणानंतर चेहरा पार कोमेजलाय. पार्लर की डॉक्टर?

झोपेची_थकबाकी:
धाकटी रांगायला लागली, थोरला बालवाडीत जातो आणि माझा चेहरा कायम रात्रपाळी करून आल्यासारखा. परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "बरं नाहीये का गं?" ठणठणीत होते मी!

तपशील देते. दोन्ही गालांच्या उंचवट्यावर तपकिरी डाग आहेत. थोरल्याच्या वेळी आलेले आपोआप गेले, या वेळचे मात्र ठाण मांडून बसलेत. बाकी कातडी कोरडी, हात फिरवला तर खरखरीत लागते. डोळ्यांखाली काळं. केस मूठमूठ गळतात. धाकटी अजून अंगावर पिते आणि रात्री उठवते.

पार्लरवाली पील (रसायन लावून वरची कातडी सोलायची) कर म्हणून मागे लागलीये. मैत्रीण कसलीशी ट्यूब लावते, तिला म्हणे आठवड्यात फरक पडला. मला गोरं व्हायची हौस नाही, आधी दिसायचे तेवढी दिसले तरी पुष्कळ.

त्वचारोगतज्ज्ञांकडे एवढ्याशा कारणासाठी जातात का? आणि गेले तर काय विचारू? ("झोप घे, पाणी पी" सांगणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.)

वैतागवाडी:
ट्यूबवरची घटकद्रव्यं वाच आधी. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. आठवड्यात उजळपणा येतो तो त्यामुळेच. माझ्या नणंदेने अशी ट्यूब बरेच महिने लावली. बंद केली की चेहरा लाल, आग आग, वर पुरळ. म्हणून पुन्हा लावायची, असं ते चक्र. सोडवताना डॉक्टरांच्याही नाकी नऊ आले.

त्वचेची_वहिनी:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. चेहरा न बघता निदान करणार नाही, पण जायचं का याचं उत्तर 'हो'. कोणी हसणार नाही, आमच्याकडे रोज याच तक्रारी येतात.

गालांवरचं तुम्ही सांगताय ते वांग असू शकतं. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे येतं, बऱ्याच जणींचं नंतर फिकं होतं, काहींचं राहतं. ऊन हा त्याचा मोठा शत्रू, आणि साधा प्रकाशही ते गडद करतो. म्हणून वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन सुचवतो. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून. वाटाण्याएवढं लावून "उपयोग होत नाही" म्हणणारे रोज भेटतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

पील आत्ता नको. सावळ्या-गव्हाळ त्वचेला पीलने आग झाली तर तिथे नवे डाग उठतात, आणि मूळचं वांगही भडकू शकतं. घाईने केलेल्या लेसरचंही तसंच.

तुमच्या यादीत मला खटकलं ते वेगळंच. कोरडी त्वचा, गळणारे केस आणि थकवा एकत्र आहेत. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळणं नेहमीचं, सहसा बाळ वर्षाचं होईपर्यंत थांबतं. पण पहिल्या वर्षात थायरॉइडही बिघडू शकतो आणि लोह कमी असणं तर अगदी सर्रास. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासायचे का, हे डॉक्टरांना विचाराच. कारण रक्तात असलं तर वरून क्रीम लावून भागत नाही.

जाताना आत्ता चेहऱ्याला लागतं ते सगळं पिशवीत घालून न्या, मैत्रिणीची ट्यूब लावली असेल तर तीही. आणि बाळ अंगावर पितं हे पहिल्या वाक्यात सांगा. त्या काळात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही डागांवरची औषधं आम्ही शक्यतो टाळतो. अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड, नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी सहसा चालतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी वांग वाढतं.

फरक दिसायला दोन-तीन महिने धरा. वरच्या थराला नवं व्हायलाच साधारण महिना लागतो.

खिडकीतली_चिमणी:
डोळ्यांखालच्या काळ्याचं पण सांगा ना कोणी. मी क्रीमवर क्रीम लावते, ढिम्म फरक नाही.

त्वचेची_वहिनी:
आरशासमोर चेहऱ्यावर समोरून टॉर्च मारा. काळं नाहीसं झालं तर ती खोलगट भागाची सावली आहे, तिथे क्रीम काय करणार! तसंच राहिलं तर रंगद्रव्य असेल किंवा पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या. तिन्हींचे उपाय निराळे. डोळे सारखे चोळायची सवय असेल तर ती आधी सोडा.

झोपेची_थकबाकी:
वहिनी, खूप आभार. मंगळवारची वेळ घेतली, आईला मुलांकडे बसवतेय. गोळ्या चालू आहेत, त्यांचा डागांशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

एकच शंका. धाकटी दिवसभर माझ्या गालाला तोंड घासते, चाटतेसुद्धा. सनस्क्रीन लावू की नको?

त्वचेची_वहिनी:
लावा. झिंक ऑक्साइडचं, बिनवासाचं घ्या आणि लावल्यावर थोडा वेळ सुकू द्या. तिला चाटू मात्र देऊ नका, घरी आलात की तोंड धुऊन मगच जवळ घ्या. गोळ्यांचं मंगळवारी नक्की बोला, पण तोवर आपल्या मनाने बंद करू नका, नाहीतर तिसऱ्याची तयारी ठेवा :)