जुनी लाकडी होडी: फटी पडल्यात, बाहेरून काचकापड चढवू का?

पाणकोंबडी

नमस्कार मंडळी. मामांची वल्ह्यांची होडी आता माझ्या गॅरेजमध्ये आली आहे. लांबी १२ फूट, फळीवर फळी चढवलेली बांधणी. फळ्या महोगनीच्या, साधारण ८ मिमी जाड. आतल्या बरगड्या ओकच्या. सांधे तांब्याचे खिळे आणि चकत्या घालून जडवलेले. बरीच वर्षं शेडमध्ये कोरडी पडून होती. सध्या मधोमध दोन टायरांवर ठेवली आहे.

दुखणी अशी: सांध्यांतून उजेड दिसतो. काही फळ्यांना मधूनच लांब चिरा गेल्यात. तळ जिथे वर वळतो तिथल्या बरगड्या तडकल्यात. कीलला (तळाच्या मधोमध लांबीभर जाणाऱ्या कण्याला) लागून असलेली पहिली फळी मागच्या बाजूला हातभर मऊ पडली आहे, टोचणी सहज आत जाते.

सुतारकाम येतं, कपाटं-टेबलं केली आहेत. होडीला हात पहिल्यांदाच लावतेय. ओळखीतले एक जण म्हणतात, रंग खरवड, बाहेरून इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) आणि काचकापड (फायबरग्लास) चढव, कटकट मिटेल. तसं करू का?

जुनी पटाशी

ताई, नको. आणि तो खरवडणीचा हात पण जरा थांबवा.

उजेड दिसतो म्हणजे होडी गेली असं नाही, ती वाळली आहे. पाण्यातल्या होडीच्या लाकडात ओलावा २० टक्के किंवा त्याहून जास्त असतो, तुमच्या गॅरेजमध्ये तो १० च्या आसपास उतरला असेल. महोगनीची पाच इंची फळी एवढ्यात सव्वा ते दोन मिलीमीटर आक्रसते. किती ते फळी खोडातून कशी कापली त्यावर. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही. आता फळीच्या दोन्ही कडा खिळ्यांनी घट्ट धरलेल्या आहेत, तिला आक्रसायला जागाच नाही, म्हणून ती मधून चिरली. तुमच्या लांब चिरांचं कारण हेच असणार.

आता यावर बाहेरून काचकापड चढवा. आतली बाजू उघडीच राहणार. बरगड्यांमागून, खिळ्यांच्या भोकांतून, पावसाच्या पाण्यातून ओल शिरणारच. लाकूड फुगणार, काचकापड फुगत नाही. मग एकतर कापड सांध्याच्या कडेला सुटतं, नाहीतर ओल आत कोंडली जाते आणि बुरशीला हवं तेच मिळतं. वर चढत्या फळ्यांच्या त्या काटकोनी कडांवर कापड धड बसत नाही, तिथे पोकळी राहते. असं कवच घातलेली एक होडी मी उघडताना पाहिली आहे. बाहेरून चकाचक होती. आतली फळी बोटांनी उकरून काढली. शिवाय उद्या एकच फळी बदलायची म्हटलं तरी सगळं कवच फोडावं लागतं.

इपॉक्सी वाईट नाही. प्लायवूडच्या किंवा पट्ट्या चिकटवून बांधलेल्या होडीला, लाकूड १२ टक्क्यांच्या खाली वाळवून आणि आतून-बाहेरून सगळीकडून बंद करून, ते उत्तम चालतं. तुमची होडी त्या जातीची नाही. हिला हलायचं असतं.

मग काय करायचं? सगळ्यात आधी टायर काढा. मधे टेकू आणि टोकं अधांतरी, असं वर्षभर राहिलं की टोकं खाली उतरतात. कीलच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बघा. कील मधे वर उचललेली दिसली तर शंकाच नको, तशी कोणी बांधत नाही. आकार बिघडलेला असताना नव्या बरगड्या घातल्या तर तो बिघाड कायमचा जडवाल. बसायच्या आडव्या फळ्या शेवटपर्यंत काढू नका, होडीची रुंदी त्यांनीच धरून ठेवली आहे.

बरगड्या एकाआड एक बदला, सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. ओक सरळ रेषांचा, गाठी नसलेला आणि शक्यतो ओला किंवा हवेत वाळलेला घ्या. भट्टीत वाळवलेला वाकवताना तुटतो. वाफेच्या पेटीत एक इंच जाडीला एक तास, हा जुना हिशोब. तुमची बरगडी अर्धा इंच असेल तर अर्ध्या तासात तयार. पेटीला वाफ बाहेर जायला भोक ठेवाच, बंद पेटी फुटते. पट्टी बाहेर आली की हातात जेमतेम अर्धा मिनिट असतं. दुसरा माणूस, हातमोजे, क्लॅम्प, सगळं आधीच मांडून ठेवा आणि लागेल त्याहून जरा जास्त वाकवा, सोडल्यावर ती थोडी परतते.

ती कुजलेली फळी पूर्ण बदला. तुकडा जोडायचाच असेल तर तिरका सांधा निदान जाडीच्या आठपट लांब हवा, म्हणजे ८ मिमीला ६४. बाराला नेलात तर आणखी निर्धास्त. नव्या फळीचा आकार जुन्या फळीवरून उतरवू नका. ती वाळून आक्रसलीय आणि काढताना मोडणारही आहे. उघड्या जागेवर पातळ प्लायची पट्टी लावून कंपासने उतरवा.

रंगारी

पटाशीकाकांशी सहमत, पण रंगाबद्दल कोणीच बोलत नाहीये.

जुन्या होडीवरच्या खालच्या थरांत शिसं असू शकतं. लाल अस्तर दिसलं तर शेंदराचं, म्हणजे शिशाचंच, धरून चाला. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, तोवर ते सर्रास वापरलं जात होतं. कोरड्या रंगावर मशीन फिरवू नका आणि ज्योत लावून तर अजिबात नाही, शिशाची वाफ होते. ओलं करून खरवडा, बारीक कणांचा मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा, कामाचे कपडे वेगळे धुवा. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट काटेकोरपणे. तपासायच्या पट्ट्या मिळतात, आधी तपासा.

आणखी एक. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापते आणि पेटते. पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका.

उनाड_शीड

सगळे रागावतील, तरी बोलतो. पाणकोंबडीताई, तुम्हाला होडी दुरुस्त करायची आहे की होडीत बसायचं आहे? बसायचंच असेल तर प्लायवूडची नवी बांधा. कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे, सांध्यावर आतून-बाहेरून काचपट्टी आणि राळ. १९६२ मध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी याच पद्धतीने मिरर नावाची छोटी शिडाची होडी आखली, ती घरी नवशिक्यांनी बांधावी म्हणूनच. तशा ७०,००० हून जास्त बनल्या. वाफ नको, खिळे नकोत. जुन्या होडीवर लोक वर्षानुवर्षं घालवतात आणि पाण्यात उतरायचं राहूनच जातं.

जुनी पटाशी

रागवायचं कशाला, मुद्दा बरोबर आहे. पुढच्या हंगामात पाण्यावर जायचं असेल तर प्लायच. फक्त प्लाय मरीन दर्जाचा घ्या आणि बीएस १०८८ (मरीन प्लायचं ब्रिटिश मानक) चा नुसता शिक्का बघून समाधान मानू नका. तुकडा कापून उकळून बघा, थर सुटले तर परत करा. पण ताईंनी मामांच्या होडीबद्दल विचारलं आहे. आणि ज्यांना सांधे घट्ट जुळवायची सवय आहे त्यांना ही होडी जमते. कपाटापेक्षा अवघड एवढ्यासाठीच की इथे एकही काटकोन सापडत नाही.

पाणकोंबडी

सगळ्यांचे आभार. काचकापड रद्द. दोरा ताणला: कील मधे १८ मिमी वर आहे. 😕

दुसरं, लोहचुंबक फिरवून पाहिला. कीलजवळचे काही स्क्रू चिकटले, त्यांच्याभोवती लाकूड काळं पडलं आहे. पितळेचा एक स्क्रू काढायला गेले तर गाजरासारखा तुटला, आतून गुलाबी. हे काय प्रकरण? आणि तांब्याचे खिळे ठोकायचे कसे, मला फक्त लाकडी स्क्रूची सवय.

जुनी पटाशी

काळं पडलंय ते ओकमधल्या आम्लाचं आणि लोखंडाचं काम. त्या भोवतीचं लाकूड नरम झालं असेल, टोचून पाहा. गुलाबी म्हणजे पितळेतलं जस्त निघून गेलं, उरलं ते सच्छिद्र तांबं, त्यात ताकद नाही. हे पाण्यात होतं, खाऱ्या पाण्यात लवकर. कोणीतरी मधल्या काळात हाताला लागले ते स्क्रू मारलेत. दोन्ही प्रकारचे सगळे काढा, जागी सिलिकॉन ब्राँझचे (हा तांब्याचा मिश्रधातू) स्क्रू.

१८ मिमी घाबरण्यासारखं नाही, पण एका दिवसात सरळ करू नका. टोकांखाली टेकू द्या, मधला टेकू काढा, आत मधोमध वाळूच्या पिशव्या ठेवा. मग टोकांखालच्या पाचरी दर आठवड्याला थोड्या आत ठोका. फळ्या करकरल्या तर थांबा. ओल्या गोणपाटाने तळ ओलसर ठेवलात तर लाकूड ऐकतं. दोरा जुळल्यावरच पहिली नवी बरगडी.

खिळा: भोक खिळ्यापेक्षा किंचित लहान. बाहेरून ठोका, बाहेर मदतनीस डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरेल. आतून चकती चढवून पोकळ पंचाने घट्ट बसवा, खिळा त्याच्याच जाडीएवढा वर ठेवून कापा, गोल डोक्याच्या हातोडीने हलके हलके पसरवा. जोरात मारलंत तर तो लाकडाच्या आतच वाकतो आणि बाहेरून कळत नाही. आधी टाकाऊ फळीवर हात बसवा.

चिरांसाठी पातळ लाकडी पट्टी तासून चिकटवा, लांबीने (पुट्टीने) भरू नका. लांबी घट्ट बसते, फळी फुगली की बाजूचं लाकूड फोडते.

आणि पाण्यात टाकायच्या आधी फुगवायला जमिनीवरच होडी काठोकाठ भरू नका. इतक्या आकाराच्या होडीत कित्येक शे किलो पाणी मावतं, वाळलेले सांधे ते पेलत नाहीत. तळाला चार बोटं पाणी आणि वर ओली गोणपाटं, तीन-चार दिवस.

खिळे मागवण्याआधी जुना एक खिळा काढून जाडी मोजा. जुनं भोक सैल झालं असेल तर एका मापाने जाड घ्या, भोक बुजवत बसू नका.