मदत हवी आहे: लिस्बनमध्ये एकटीने राहून रिमोट काम. राहायचं कुठे, जपायचं काय?

नमस्कार मंडळी,

पोर्तुगालचा डी८ व्हिसा (रिमोट काम करणाऱ्यांसाठीचा) हातात पडलाय. (किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं, २०२५च्या हिशेबाने ते महिना ३,४८० युरो होतं. व्हिसाबद्दलचे बाकीचे प्रश्न इथे नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू.) महिनाअखेरीस निघतेय, एकटीच.

कुणालाही विचारा, "लिस्बन एकदम सेफ" म्हणून मोकळे होतात. पण हे सगळे चार दिवस फिरून आलेले. मी तिथे राहणार आहे आणि क्लायंट न्यूयॉर्कचा. म्हणजे दिवस दुपारी दोनला सुरू, रात्री दहाला संपणार, मीटिंग लांबली तर अकरा. सॅकमध्ये क्लायंटचा लॅपटॉप. तो गेला तर नुसते पैसे नाही, कंत्राटच जाईल.

को-वर्किंगची जागा साल्दान्याला बघितली आहे. खोली अलामेदाला घ्यावी की मार्तिम मोनिझला? मार्तिम मोनिझला डाळ-तांदूळ-मसाले सगळं मिळतं म्हणे, पण रात्रीचं काय? दुसरं, आल्फामामधल्या एका खोलीचे फोटो झकास आहेत आणि भाडं संशय यावा इतकं कमी. मालक म्हणतो, डिपॉझिट आधी पाठवा, किल्ली कुरियरने येईल. आईचा तिसरा प्रश्न: रात्री घरी कशी येणार? तिला सांगण्याजोगं काहीतरी द्या.

प्रतिसाद – लिस्बनकरीण

किल्ली कुरियरने?! एक छदाम पाठवू नका.

मालकाकडे 'कादेर्नेता प्रेदियाल' मागा. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात आधी सातबारा बघतात ना, तसं. त्यावर मालकाचं नाव असतं, ते त्याच्या ओळखपत्राशी जुळतंय का बघा. आणि घर स्वतः किंवा ओळखीच्या कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे नाहीत. आधी दोन-तीन आठवडे हॉस्टेल किंवा परवाना असलेली तात्पुरती जागा घ्या, तिथून शोधा. करार लेखी हवा आणि मालकाने तो करखात्यात, म्हणजे फिनान्सासमध्ये, नोंदवलेला हवा. बरेच मालक कर चुकवायला नोंदवत नाहीत. मग उद्या भांडण झालं तर भाडेकरू म्हणून तुमचीच बाजू लंगडी पडते. माझ्या मते लिस्बनमधला खरा धोका हाच. रस्त्यावरचे चोर त्यामानाने किरकोळ.

घर बघायला जाल तेव्हा गॅसचा गीझर कुठे आहे ते बघा. जुन्या इमारतींमध्ये तो स्वयंपाकघरात, कधी चक्क बाथरूममध्ये असतो. धुराडं बाहेर जातंय का, खिडकी उघडते का, तपासा. थंडीत घरं आतून गारठतात, हीटिंग बहुतेक ठिकाणी नसतंच, मग लोक दारं-खिडक्या गच्च बंद करतात आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. अलार्म स्वस्तात मिळतो, पहिल्याच आठवड्यात आणा. तुमची रात्र आणि सकाळ घरातच जाणार, म्हणून इतकं लिहितेय.

प्रतिसाद – मुशाफिर

अलामेदा घ्या. साल्दान्या तिथून लाल मार्गावर एकच स्टेशन, आणि मेट्रो रात्री एकपर्यंत असते. आईंना एवढं सांगा, त्या निवांत होतील.

मार्तिम मोनिझला किराणा आणायला जरूर जा, बांगलादेशी, नेपाळी, आपली, सगळी दुकानं आहेत. तिथे लुटतील अशी भीती माझ्या मते अनाठायी. पण शेजारच्या बेनफोर्मोझू गल्लीत डिसेंबर २०२४मध्ये पोलिसांनी कारवाई करून स्थलांतरितांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं होतं, त्यावर देशभर वाद झाला. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने कागद जवळ ठेवलेले बरे. रेसिडेन्स कार्ड येईपर्यंत पासपोर्ट-व्हिसा लागणारच, पण तो सॅकमध्ये नको, आतल्या खिशात.

२८ नंबरच्या ट्रामने लॅपटॉप घेऊन फिरू नका, खिसेकापूंचं ते हक्काचं ठिकाण. बाइशात, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात, कुणी कानाशी येऊन "हशीश" पुटपुटलं तर सरळ चालू पडा. तो बहुतेक वेळा दाबलेलं तमालपत्र विकत असतो. मसालेभाताला तरी चालेल का, शंका आहे.

प्रतिसाद – लिस्बनकरीण

@मुशाफिर, तमालपत्राला +१.

राहिलेलं: कॅफेच्या वायफायवर क्लायंटचं काम नको, फोनचा हॉटस्पॉट वापरा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी, म्हणजे चोरी झालीच तर यंत्र जाईल, माहिती नाही. चोरीची तक्रार लगेच पोलिसांत नोंदवून तिची प्रत घ्या, विमा त्याशिवाय हलत नाही. रेस्तोराडोरेश चौकात पर्यटकांसाठीची पोलीस चौकी आहे, तिथे इंग्रजी चालतं. तातडीला ११२. दुखण्याखुपण्याला सरकारी सल्लासेवा ८०८ २४ २४ २४.

आणि घरात थोडी रोकड ठेवा. २८ एप्रिल २०२५ला जवळजवळ सबंध स्पेन-पोर्तुगालची वीज गेली, तेव्हा मेट्रो ठप्प, फोन बंद, दुकानांत कार्ड चालेना. ज्याच्या खिशात सुटे युरो होते त्यालाच पाणी आणि पाव मिळाला. पॉवर बँक आणि सेलवरचा रेडिओ घेऊन ठेवा.

पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, पदपथाचे गुळगुळीत दगड भयंकर निसरडे होतात. चांगल्या तळाचे बूट पुण्याहूनच न्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मालकाकडे कादेर्नेता मागितली. उत्तर आलं, "मी सध्या जहाजावर आहे, कागद लिस्बनला आहेत." मग किल्ली कुरियर कोण करणार होतं, असं विचारलं, त्यावर ब्लॉक. विषय संपला.

अलामेदा किंवा आरोयोशमध्ये स्त्रियांनी मिळून घेतलेल्या घरात खोली रिकामी होत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. गीझरचा फोटो पाठवलात तर आधीच आभार.