जर्मॅनिक भाषांत बी.ए. करायचंय. वेंगुर्ल्यातून सुरुवात कुठून करू?

काजूबी:

नमस्कार. मी वेंगुर्ल्याची. बारावी आर्ट्‌स, कॉलेज सावंतवाडीला, रोजची एसटी. विषयांत संस्कृत आहे आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

अकरावीत बाईंनी संख्या शिकवताना फळ्यावर एका ओळीत लिहिलं: संस्कृत दश, इंग्लिश टेन, जर्मन त्सेन, डच तीन. वर्गात हशा फुटला. डचात तीन म्हणजे दहा! असा गिऱ्हाईक मासळी बाजारात आला तर बांगड्याचा वाटा त्याला काय भावाने द्यायचा, यावर उरलेला तास गेला. माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी डच वखारीची पडकी इमारत आहे. चुकलेली शेळी शोधायला आम्ही तिथे जायचो. तिथेच सतराव्या शतकात ही 'तीन म्हणजे दहा' म्हणणारी माणसं बसून हिशेब लिहीत होती, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आठ महिने फोनवरून जर्मन शिकतेय. परीक्षा अजून दिलेली नाही. पण मला नुसतं जर्मन नको आहे. जर्मन, डच, जमलं तर स्वीडिश किंवा आइसलँडिक, आणि या सगळ्या जर्मॅनिक भाषा एकमेकींच्या बहिणी कशा झाल्या, ते शिकायचंय. अशी बी.ए. आपल्याकडे कुठे मिळते का? रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत मी चौकशी केली तिथे कुठेच जर्मन नव्हतं. गोवा जवळ आहे, पण तिथल्या विद्यापीठात मला पोर्तुगीज आणि फ्रेंच दिसलं.

घरचं सांगते. बाबांची काजूची बाग आहे, वेंगुर्ला-४ आणि ७ची झाडं, थोडे हापूस. शिकवायला ना नाही, फक्त "शिकान खंय जातलंस ता आधी सांग" एवढंच विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. मध्ये एका कन्सल्टन्सीत गेलो होतो. बारावीनंतर थेट जर्मनीत बी.ए.ला बसवतो म्हणाले, आधी पंचेचाळीस हजार भरा. बाबा पैसे काढायला तयारही झाले होते, मीच थांबवलं. बरोबर केलं का?

---

खारा_वारा:

बरोबर केलंस. पहिली गोष्ट, ते पैसे भरू नकोस.

मी देवगडचा, जेएनयूतून जर्मन केलं, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो. नुसत्या बारावीवर जर्मनीतल्या विद्यापीठात थेट पहिल्या वर्षाला सहसा घेत नाहीत. इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष पास झालीस की त्याच शाखेपुरतं दार उघडतं. नाहीतर तिकडे 'श्टुडिएनकोलेग' नावाचं तयारीचं वर्ष, त्याचीही प्रवेशपरीक्षा. वर जर्मन माध्यमातून शिकायचं तर साधारण सी१ पातळीची भाषा लागते (पायऱ्या अशा: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२). तू आठ महिने फोनवर शिकलीस म्हणजे ए१च्या आसपास असशील. या दोन्हींतलं अंतर कन्सल्टन्सीवाला भरून देणार नाही, ते तुलाच चालायचंय.

पैशाचंही ऐकून ठेव. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. आणि व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. त्याआधी एपीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे तुझे इथले शिक्षणाचे कागद तपासल्याचा दाखला, ते नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं झालं. फी नाही म्हणून फुकट, असं समजून निघालेले दोघे माझ्या ओळखीत आहेत. एकाने आंब्याची कलमं गहाण टाकली.

आता इथलं. तू म्हणतेस तशी, सगळ्या बहिणींना एकत्र बसवणारी बी.ए. आपल्याकडे शोधत बसू नकोस. दिल्ली विद्यापीठाच्या विभागाचं नावच 'जर्मॅनिक अँड रोमान्स स्टडीज' आहे, पण नावाला भुलू नकोस, बी.ए. ऑनर्सला तिथे एकच भाषा घेऊन बसायचं असतं. जेएनयूत बी.ए. ऑनर्स जर्मन अगदी शून्यापासून शिकवतात. आधी जर्मन यायला हवं अशी अट नाही. दोन्हीकडे प्रवेश सीयूईटीतून, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेतून. जेएनयूची फी नाममात्र, खरा खर्च मेसचा आणि येण्याजाण्याचा. हैदराबादच्या इफ्लूत, म्हणजे इंग्लिश आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठातही जर्मन आहे. पुण्यात फर्ग्युसनला बी.ए.ला जर्मन घेता येतं, पण तिथे वर्गात निम्मी पोरं शाळेपासून जर्मन शिकून आलेली असतात. तुला पहिलं वर्ष धापा टाकत काढावं लागेल.

मी असतो तर सीयूईटी. मंगला एक्सप्रेस रत्नागिरीला थांबते, थेट दिल्ली. पहिल्या वर्षी मी डब्यात तिरफळाची पुडी घेऊन गेलो होतो, ती तीन वर्षं पुरली. मेसच्या डाळीत घालायचो.

---

पोटापाण्याचं_बोला:

सगळे स्वप्न दाखवतील, मी उलट बाजू सांगतो. आइसलँडिक शिकून सिंधुदुर्गात काय करणार? जर्मनला आज भारतात काम आहे, कंपन्यांच्या बॅक-ऑफिसमध्ये, भाषांतरात, आणि शिकवण्यात तर आहेच. नर्सिंगला जर्मनीत जाणाऱ्या मुलींनाही बी१, बी२ शिकवणारी माणसं लागतात. डच, स्वीडिशला त्याच्या पासंगालाही काम नाही. पदवी कुठल्याही विषयात करा, बरोबर मॅक्स म्युलर भवनाच्या जर्मनच्या परीक्षा देत बी२पर्यंत जा. मुंबईत काळा घोड्याला आणि पुण्यात केंद्र आहे. नोकरी देणारा सर्टिफिकेट बघतो.

---

निवृत्त_घनपाठी:

वरील प्रतिसादाशी अर्धा सहमत. नोकरीचं खरं आहे, पण मुलीने विचारलंय दुसरंच.

बाळ, तुझ्या बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली, मी त्याच्या पुढची लिहितो. मी चाळीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, जर्मन मला वाचण्यापुरतंच येतं.

पाद, इंग्लिश फुट, जर्मन फूस. पिता, फादर, जर्मन फाटर. जिथे संस्कृतात प तिथे त्यांच्याकडे फ. त्रि, थ्री. जिथे त तिथे थ, आणि जर्मनात पुढे त्या थचाही द झाला, म्हणून द्राय. दश, टेन. दचा ट झाला, आणि जर्मनाने तो आणखी दामटून त्सेन केला. डच मध्येच थांबले, म्हणून त्यांचा 'तीन'. हा नियम याकोब ग्रिमने १८२२मध्ये नीट मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला थोरला, तोच.

पण एक ठिकाणी नियम मोडायचा. भ्राता, माता, पिता, तिन्हींत मध्ये तोच त. मग जर्मनात तिन्हींत मध्ये एकच व्यंजन हवं. तसं नाही. भाऊ ब्रूडर, द. आई मुटर आणि बाप फाटर, ट. एकाच घरातली तीन माणसं, भावाला वेगळा न्याय का? पन्नास वर्षं कोणाला नीट सांगता येईना. १८७७मध्ये कार्ल व्हेर्नर या डेन्मार्कच्या माणसाचा लेख आला. त्याने उत्तर कुठे शोधलं? वैदिक स्वरांत. 'भ्राता'त उदात्त, म्हणजे उंच स्वर, पहिल्या अक्षरावर, 'माता' आणि 'पिता'त शेवटच्या. स्वर त्या व्यंजनाच्या लगेच आधी असेल तर व्यंजन एक वळण घेतं, नसेल तर दुसरं. जर्मन लोक तो स्वर केव्हाच विसरले, पण त्याचा वळ ब्रूडर आणि फाटरवर आजही आहे.

म्हणजे आमच्या गावचे भटजी जो उदात्त-अनुदात्त हात हलवून पोरांच्या डोक्यात बसवतात, त्यात जर्मन भाषेच्या कुलुपाची किल्ली होती. (आमच्या गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं, मग त्या जर्मनाला म्हणावं, स्वर चुकवू नकोस.")

म्हणून सांगतो, कुठेही जा, संस्कृत सोडू नकोस. जर्मन विभागात संस्कृत येणारी मुलगी क्वचित असेल. आणि हे वेंगुर्ल्याच्या मुलीने करणं नवलाचं नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणात जन्मले, रत्नागिरीच्या शाळेत शिकले, १८७७मध्येच मुंबई विद्यापीठात त्यांनी भाषाशास्त्रावर विल्सन व्याख्यानं दिली आणि १८८५मध्ये गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना पदवी दिली. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती.

---

आडवणाचो_झील:

गो बाय, माका जर्मन येणा नाय, पण एक विचारतंय. माझो भाचो म्हणता जर्मनात चेडवाक नपुंसकलिंग असता. खरा काय? मगे आमची मालवणी काय वेगळी असा? आमी 'ता चेडू'च म्हणतंव!

---

खारा_वारा:

@आडवणाचो_झील, भाचो खरा सांगता. दास मेड्शन म्हणजे मुलगी, नपुंसकलिंग. शेवटचा '-शन' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसक होतो. आमच्या वर्गातली दिल्लीची मुलं यावर हटकून डोकं धरायची, कारण हिंदीत दोनच लिंगं. मराठी माणसाला तीन लिंगांची सवय जन्मतः असते. कोणता शब्द कुठल्या लिंगात, हे पाठच करावं लागतं, पण तीन असतात यात काही विचित्र वाटत नाही. तसंच विभक्ती. जर्मनला चार, संस्कृत शिकलेल्याला त्यात काय मोठं? आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी. 'वाइल इश क्रांक बिन', शब्दाला शब्द लाव: कारण मी आजारी आहे. इंग्लिश माध्यमातली पोरं इथे अडखळतात कारण ती मनात इंग्लिश वाक्य जुळवतात. काजूबी, तू मराठीतून जर्मनमध्ये जा, इंग्लिशच्या पुलावरून नको.

---

जुनी_मोडी:

धागा उशिरा बघितला. मी इतिहासाची, मोडी कागद वाचते, डच थोडं शिकले, म्हणून डचच्या बाजूने चार शब्द.

'डचला काम नाही' हे कॉल सेंटरपुरतं ठीक. वेंगुर्ल्याची वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, तिचे कागद आज हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, २००३मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत गेले. वेंगुर्ल्याहून गेलेली पत्रंही त्यात आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ही वखार त्यांना सोयीची होती, त्यामुळे शिवाजी महाराजांच्या काळातल्या हालचाली डच कारकुनांनी लिहून ठेवल्या. ते वाचायला सतराव्या शतकातलं डच आणि त्या वेळचं गिचमिड वळण दोन्ही यावं लागतं. हे येणारी मराठी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आम्ही बाकीचे छापील भाषांतरावर विसंबतो आणि भाषांतरात स्थळांची नावं अशी काही होतात की आपलंच गाव ओळखू येत नाही.

लायडन विद्यापीठाने पूर्वी टानाप नावाच्या प्रकल्पात आशियातल्या विद्यार्थ्यांना नेमकं हेच शिकवलं. तिथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी डच अभ्यासाची बी.ए. आहे, पण युरोपबाहेरच्यांची फी वर्षाला दहा हजार युरोच्या वर. तेव्हा आत्ता त्या वाटेला जाऊ नकोस. आधी इथे जर्मन कर, जर्मन पक्की झाली की डच वाचायला फार वेळ लागत नाही. उच्चार वेगळा विषय आहे, त्यांचा ग घशातून खसखसत येतो. बेल्जियमचं गेंटही बघून ठेव, तिथे एका पदवीत दोन भाषा जोडीने घ्यायची पद्धत आहे, म्हणजे तुझ्या मनातल्या अभ्यासक्रमाच्या बरंच जवळ. जर्मनीत म्युन्स्टरला डच, कीलला तर फ्रिजियनसुद्धा, तीही याच घराण्यातली छोटी भाषा. एम.ए.च्या वेळी यातलं काय ते ठरव. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे सगळे आता आपल्याकडून फी घेतात, नॉर्वेने २०२३पासून सुरू केली.

---

काजूबी:

सगळ्यांचे आभार. काका, ब्रूडर-फाटरचं मी काल बाबांना सांगितलं. बाग शिंपता शिंपता ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे जर्मनात भावाशीक वायला काढल्यानी." बाकी कितपत कळलं माहीत नाही, पण रात्री जेवताना स्वतःहून विचारलं, दिल्लीला थंडी किती असते.

जुनी_मोडी ताई, त्या पत्रांबद्दल वाचून मी परत वखारीत जाऊन आले. आत रान माजलंय, भिंतीतून वडाची मुळं आली आहेत. यावेळी शेळी नव्हती.

ठरलं असं की सीयूईटी देते, पहिली पसंती जेएनयू, नाही झालं तर पुणे. तोवर ए१ची परीक्षा मुंबईला मावशीकडे राहून देते. पोटापाण्याचं_बोला दादा, तुमचं बी२चंही लिहून ठेवलंय. एक शेवटचा प्रश्न: सीयूईटीच्या फॉर्ममध्ये परीक्षा केंद्र म्हणून पणजी टाकू की रत्नागिरी? दोन्ही यादीत असतील तर?

---

खारा_वारा:

पणजी. वेंगुर्ल्याहून सकाळी निघून पेपर देऊन रात्री घरी जेवायला येशील. रत्नागिरीला आदल्या दिवशी मुक्काम पडेल. आणि फॉर्म स्वतः भर, सायबर कॅफेवाल्याने माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवलं होतं, ते दुरुस्त करायला दोन महिने गेले.

---

आडवणाचो_झील:

पणजेक जाशीत तर येताना बांद्याक थांब, माझो भाव थंय रवता. जेवान मिळतला.