उ. लिथियम सेल टॉर्चमध्येच ठेवावेत का?

'लिथियम सेल गळत नाहीत, टॉर्चमध्येच राहू द्या' हे या चर्चेतलं म्हणणं अर्धंच पटलं. फेकायचे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल असतील तर माझीही हरकत नाही. साध्या अल्कलाइनसारखी पांढरी बुरशी ते सहसा धरत नाहीत. पण १८६५० म्हणजे चार्ज होणारा लिथियम-आयन, त्याची गोष्ट वेगळी. तिथे गळतीपेक्षा भीती सेल पार रिकामा होण्याची.

इथे कोणी बटणाचा विषय काढला नाही. बाजूला मऊ बटण असलेल्या टॉर्चमधलं सर्किट बंद असतानाही थोडा थोडा करंट खात असतं. माझी तशीच टॉर्च मे महिन्यात ट्रेकच्या सॅकमध्ये गेली ती थेट दिवाळीनंतर बाहेर निघाली. मल्टिमीटर लावला तर सेल १.१ व्होल्ट! सेल साधारण १.५ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला की आतलं तांबं विरघळू शकतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्जर 'जिवंत' करून देत होता, तरी मोह आवरला आणि सेल ई-कचऱ्यात दिला.

आता मागचं झाकण अर्धा आटा सैल करून ठेवतो. आटे ॲनोडाइज्ड (वीज न वाहणारा थर चढवलेले) असतील तरच याने सर्किट तुटतं. नुसते चकचकीत धातूचे असतील तर सेल काढलेलाच बरा. आणि ठेवताना फुल चार्ज नको, ३.७-३.८ व्होल्ट पुरे. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये तर नकोच, विदर्भातल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.